शिकणाऱ्याची चूल

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळा, संस्थापक, शिष्यवृत्त्या आणि अभ्यासक्रम यांविषयी पुष्कळ लिहिले. शिकायला आलेला मुलगा संध्याकाळी काय जेवत होता, हा प्रश्न मात्र बहुधा चरित्रांच्या पहिल्या प्रकरणातील हालअपेष्टांच्या वर्णनातच संपतो. आमच्या मते तो इतका किरकोळ नाही. फी माफ होऊ शकत असे, पुस्तके उसनी मिळत. भूक ना माफ होई, ना उसनवारीवर भागे. परगावी राहून शिकणे कोणाला शक्य आहे, हे पुष्कळदा या एका गोष्टीवरून ठरत आले. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिले म्हणजे ते अधिक स्पष्ट दिसते.

जुनी सोय माधुकरीची आणि वारांची. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे, एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाणी पिऊन निजायचे, अशा रीतीने शिकून पुढे मोठी झालेली माणसे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या कष्टांविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ही सोय प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांना ब्राह्मण घरांतून मिळणारी होती. पंक्तीचा प्रश्न आला की विद्येची कळकळ उंबऱ्यापाशी थांबत असे. हिरण्यकेशीच्या काठच्या एखाद्या मराठा, लिंगायत, मुसलमान किंवा महार शेतकऱ्याच्या मुलाने कोल्हापुरात कोणाच्या दारी वार मागावा?

राजर्षी शाहू महाराजांच्या वसतिगृहांचे मोल या प्रश्नाशी जोडून पाहिले तरच कळते. कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. ती करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ज्या काळी निराळ्या जातीच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या काळी वसतिगृह काढणे म्हणजे प्रथम स्वयंपाकघर काढणे होते. खोल्या एकत्र बांधता आल्या असत्या. चुली एकत्र पेटल्या नसत्या.

ती चूल एक करण्याचे काम महाराजांच्याच मुलखातून गेलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे नेले. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिले होते. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्याला जे वसतिगृह उभारले, त्यात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तिचा विषय त्यागाइतकाच हिशेबाचाही आहे. मुले उपाशी राहिली असती तर दुसऱ्या दिवशी घरोघर परतली असती, आणि शाळा आपोआप बंद पडली असती.

बोर्डिंगांच्या जागा मात्र मोजक्याच. ज्यांना तेथे प्रवेश मिळाला नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी दोन वाटा उरल्या, घरचा डबा आणि खोलीतला स्टोव्ह.

डब्याचा इतिहास एस. टी.च्या इतिहासात दडलेला आहे. मुंबई राज्याची पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी धावली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी त्या राज्यात विलीन झाले. पुढे खेड्यापाड्यांत गाडी पोहोचू लागली तसे तिच्या टपावर आणि वाहकाच्या सीटखाली डबेही दिसू लागले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला, आणि निपाणी-संकेश्वर म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे चंदगडकडच्या विद्यार्थ्याची पावले गडहिंग्लज-कोल्हापूरकडे अधिक वळू लागली. आणि गडहिंग्लजहून संकेश्वर-निपाणीच्या रस्त्याने कोल्हापूरला निघालेली भाकरी परराज्यातून प्रवास करून स्वराज्यात पोहोचू लागली! भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कोरडा झुणका, हा या डब्याचा सरंजाम चवीपुरता ठरलेला नव्हता. पाणी कमी असलेले आणि तिखट-मिठाचे पदार्थ टिकतात, म्हणून ते ठरले. डब्यामागे पहाटे चारला उठलेली एक आई असे. तिच्या श्रमांची नोंद कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या अहवालात नाही.

राहिला स्टोव्ह. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघालेला दाबाचा 'प्रायमस' पिनेसह आपल्याकडे रुळला. पुढे फरफर न करणारा वातीचा स्टोव्ह आला. भाड्याच्या खोलीत एक स्टोव्ह, एक पातेले, एक तवा आणि रेशनचे रॉकेल एवढ्यावर आमच्या पिढीतील अनेकांची पदवी झाली. एकाच ज्योतीवर प्रथम भात, तो झाकून उशीपाशी गुंडाळून ठेवायचा, मग आमटी; हा क्रम ज्याने एकदा शिकला तो विसरत नाही. भाकरी थापणे साधत नसे, म्हणून ज्वारीच्या मुलखातली मुले खोलीत भातखाऊ झाली. १९५९ पासून देशात प्रेशर कुकर बनू लागले आणि कालांतराने एकाच आचेवर डाळ व तांदूळ शिजण्याची सोय झाली. पण कुकर ही बराच काळ संसाराची वस्तू होती, विद्यार्थ्याची नव्हे.

नंतर विजेची शेगडी आली, आणि तिच्याबरोबर चोरटेपणा आला. २३० व्होल्टवर ५ अँपिअरच्या जोडणीतून जेमतेम ११५० वॅट मिळतात. दिव्याच्या होल्डरमधून वायर काढून हजार-दीड हजार वॅटची शेगडी लावली की फ्यूज जाई आणि सगळा मजला अंधारात बुडे. वसतिगृहांची बंदी अनाठायी नव्हती. आग लागण्याचे भय खरेच होते. परंतु बंदीच्या नियमाखाली पोट कसे भरावे, याचा नियम सहसा लिहिलेला नसे.

या खोलीतल्या चुलीचा गौरव करण्याचा मोह होतो, तो आम्ही आवरतो. तिने रोजचे दोन-अडीच तास खाल्ले, आणि ते अभ्यासातून वजा झाले. ती मुख्यतः मुलांची होती. मुलीला परगावी खोली घेऊन राहू द्यायला घरे फार उशिरा तयार झाली. ज्यांनी चार वर्षे स्वतः रांधले, त्यांतील बहुतेकांच्या हातातून लग्नानंतर पळी सुटली, हेही खरे.

तरीही एक गोष्ट तिच्या खात्यावर जमा केली पाहिजे. वारात दाता होता, बोर्डिंगात समाज होता, डब्यात आई होती. स्टोव्हपाशी प्रथमच विद्यार्थी कोणाचाही आश्रित नव्हता. दोघे-तिघे भागीत राहत, रॉकेलचे पैसे वाटून घेत. तांदूळ एकाचा, तिखट दुसऱ्याचे. कोणाची जात कोणती हे ठाऊक असे, पण पातेले एकच होते. साताऱ्यात जे ध्येय म्हणून घडवावे लागले, ते येथे पुष्कळदा टंचाईने घडवले. सर्वत्र घडले असे मात्र नाही. खोली नाकारताना घरमालक आडनाव विचारीतच होते.

२०१६-१७ पासून वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्य शासन 'स्वाधार' योजनेतून रक्कम देते. तिच्या तपशिलात भोजन भत्ता हा स्वतंत्र घटक आहे. शाहू महाराजांनी ओळखलेला प्रश्न सरकारी कागदावर आजही उभा आहे, याचा तो पुरावा. शिक्षण मोफत करण्याची घोषणा होते तेव्हा म्हणूनच आम्हाला विचारावेसे वाटते, की फी तर गेली; पण संध्याकाळी त्या खोलीत काय शिजणार आहे?