सशांच्या कुंपणाकाठची वाट

ऑस्ट्रेलियातील आदिवासी कथांच्या धर्तीवर तेथील गौरवर्णीय लेखकांनी मुलांसाठी विपुल लेखन केले आहे. पॅट्रिशिया राइटसन हिने १९७७ ते १९८१ या काळात तीन कादंबऱ्यांतून विरून या आदिवासी तरुणाची भ्रमंती चितारली. परक्यांच्या श्रद्धाविश्वात तिने हात घातला, अशी टीकाही पुढे झाली. तो वाद आम्ही येथे उकरून काढत नाही. कथेतल्या पोरक्या मुलाची वणवण कितीही खडतर असो, इतिहासातील एका मुलीची पायपीट आम्हांला तिच्याहून विलक्षण वाटते.

मॉली क्रेग ही ती मुलगी. पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव रोखण्यासाठी १९०१ ते १९०७ या काळात उत्तर-दक्षिण असे लांबच लांब तारेचे कुंपण घालण्यात आले. (ससे त्याआधीच पलीकडे पोहोचले होते, ही गोष्ट निराळी!) कुंपणाच्या देखभालीसाठी वसवलेल्या जिगालाँग येथे आदिवासी आई आणि इंग्रज बाप यांच्या पोटी मॉली जन्मली. बाप कुंपणाचाच निरीक्षक. गोरे तिला आपली मानीत ना, आणि मार्डू जमातीची पोरेही तिला हिणवीत.

१९०५ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील अशा मुलांचे पालकत्व आईकडे न राहता सरकारी 'मुख्य संरक्षका'कडे गेले होते. १९३१ साली त्या पदावर ए. ओ. नेव्हिल होते. त्यांच्या हुकुमाने सुमारे चौदा वर्षांची मॉली आणि नात्याने तिच्या बहिणी असलेल्या ग्रेसी व डेझी यांना आयांपासून हिरावून पर्थच्या उत्तरेकडील मूर रिव्हर वसाहतीत नेण्यात आले. मोलमजुरीचे शिक्षण देऊन त्यांना गोऱ्यांच्या घरी चाकरीस लावायचे, असा बेत होता.

मॉली तेथे फार दिवस राहिली नाही. दोघींना घेऊन ती पावसात निसटली. नकाशा नव्हता, पण कुंपण जिगालाँगवरून जाते, एवढे तिला ठाऊक होते. ते गाठायचे आणि उत्तरेकडे चालत राहायचे! सशांची शिकार, शेतकऱ्यांच्या घरून मिळालेले अन्न, मागावर पोलीस. पायांना जखमा झाल्या तेव्हा धाकटीला आळीपाळीने पाठुंगळी घ्यावे लागले. आई विलुना येथे आहे, असे ऐकून ग्रेसी वाटेत वेगळी झाली आणि पकडली गेली. मॉली व डेझी मात्र सुमारे नऊ आठवड्यांत सोळाशे किलोमीटर तुडवून घरी पोहोचल्या.

बालकथा येथे संपली असती. मॉलीला १९४० साली आजारपणामुळे पर्थला आणले गेले आणि दोन मुलींसह पुन्हा त्याच वसाहतीत टाकण्यात आले. १९४१ च्या आरंभी ती पुन्हा तीच वाट चालली, या खेपेस दीड वर्षाच्या अ‍ॅनाबेलला कडेवर घेऊन. थोरल्या डोरिसला मागे ठेवणे भाग पडले. मागे राहिलेल्या त्याच डोरिसने १९९६ साली आईची ही हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. कडेवर आलेली अ‍ॅनाबेल काही वर्षांनी पुन्हा हिरावली गेली. मॉली २००४ साली वारली. तिची आणि अ‍ॅनाबेलची पुन्हा भेट झाली नाही.