परत म्हणजे कुठे?

एप्रिल १९७६च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनजवळ, एक लाकडी मासेमारी बोट नांगर टाकून उभी राहिली. बोटीत पाच व्हिएतनामी तरुण होते. सायगाव पडून नुकते एक वर्ष होत होते. लाम बिन्ह नावाच्या तरुणाने शाळकरी नकाशासंग्रहातल्या एका पानाच्या आधाराने ही बोट हजारो किलोमीटर हाकत आणली होती. किनाऱ्यावर कोणी पहारा देत नव्हते. सरकारी अधिकारी दुसऱ्या दिवशी बोटीवर गेले, कागदपत्रे झाली आणि पाचही जणांना राहायची परवानगी मिळाली.

पंचवीस वर्षांनी त्याच देशाने बुडत्यांना वाचवून आणणाऱ्या एका मालवाहू जहाजावर कमांडो उतरवले. या दोन टोकांमध्ये काय घडले, हा ऑस्ट्रेलियाच्या राजकारणाचा आवडता विषय आहे आणि त्यावर ढीगभर लिहिले गेले आहे. मला त्यातला एक कोपरा बराच काळ अस्वस्थ करतो आहे. ‘बोटी परत पाठवा’ असे म्हणताना परत म्हणजे नेमके कुठे, हा प्रश्न कॅनबेरात फार कमी वेळा विचारला गेला. बोट इंडोनेशियात बांधलेली, खलाशी इंडोनेशियन. पण आतली माणसे अफगाण, इराकी, इराणी, श्रीलंकेची. त्यांच्यासाठी जावा किंवा सुमात्रा हा फक्त वाटेतला मुक्काम. अशा माणसांना ‘परत’ पाठवायचे, तर ज्याच्या दारात पाठवायचे त्या शेजाऱ्याचे काय म्हणणे आहे, हे ऐकायला हवे होते.

हा समुद्र मुळात भिंत नव्हता. सुलावेसी बेटावरच्या मकासार बंदरातून होड्या डिसेंबरच्या वायव्य वाऱ्यावर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला येत, समुद्रकाकडी गोळा करून उकळून सुकवत आणि वारा उलटला की घरी जात. सुकवलेला माल चिनी बाजारात खपे. निदान अठराव्या शतकापासून हा व्यवहार नियमित चालला होता. आर्नहेम लँडच्या योल्ंगू आदिवासींच्या भाषेत त्याच्या खुणा आजही आहेत. गोऱ्या माणसाला ते ‘बलांदा’ म्हणतात, म्हणजे मूळचा हॉलंडर. पैशाला म्हणतात ‘रुपिया’. आपल्या रुपयाचाच हा भाऊ, मलय खलाशांच्या तोंडून तिथवर पोचलेला. १९०६मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने या होड्यांना परवाने देणे बंद केले. पुढच्या वर्षी शेवटची होडी गेली. त्याआधी पाच वर्षे नव्या राष्ट्रकुलाने गोऱ्यांपुरते स्थलांतर ठेवणारा कायदा केला होता, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

आता व्हिएतनामी बोटींकडे. १९७६ ते १९८१ या काळात ऑस्ट्रेलियाला थेट बोटीने आलेल्यांची संख्या होती २,०५९. आजच्या मानाने हसू येईल असा आकडा. पण तेव्हाही ओरड झाली, गोदी कामगारांच्या संघटनांनीसुद्धा केली. माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने परतवणीचा मार्ग घेतला नाही, याचे श्रेय हल्ली त्यांच्या उदारपणाला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. बोटी दक्षिणेकडे निघूच नयेत म्हणून ऑस्ट्रेलियन अधिकारी मलेशियात बसून होते आणि त्यांतल्या एकाने पुढे स्वतःच सांगितले, की आम्ही बोटींना भोके पाडत होतो. फरक असा, की भोके पाडतानाच मागे दुसरी वाट उघडी ठेवली होती. १९७९च्या जुलैमध्ये जिनिव्हाला परिषद झाली आणि सौदा ठरला : मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड यांनी माणसांना किनाऱ्यावर उतरू द्यायचे, तात्पुरते सांभाळायचे, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया यांनी त्यांना नेऊन वसवायचे. त्याआधी मलेशिया बोटींना दोर बांधून खुल्या समुद्रात ओढून सोडत होता, हे विसरू नये. इंडोनेशियाने सिंगापूरजवळच्या गालांग बेटावर छावणी उघडली. १९९६मध्ये ती बंद होईपर्यंत सुमारे अडीच लाख माणसे तिथून पुढे गेली. तिथे शाळा होत्या, प्रार्थनास्थळे होती आणि वाट पाहताना मेलेल्यांचे कब्रस्तानही आहे.

गालांगचा धडा साधा होता. शेजारी दार उघडतो, कारण त्याला ठाऊक असते की माणसे कायमची त्याच्या गळ्यात पडणार नाहीत.

२००१मध्ये हा धडा पुसला गेला. २६ ऑगस्टला नॉर्वेच्या ‘टाम्पा’ या जहाजाने, ऑस्ट्रेलियाच्याच बचाव यंत्रणेच्या सांगण्यावरून, ख्रिसमस बेटाच्या उत्तरेस बुडायला आलेल्या ‘पलापा’ बोटीवरचे ४३८ लोक वर घेतले. बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा होते. कप्तान आर्ने रिनान यांनी आधी जहाज इंडोनेशियाच्या मेराक बंदराकडे वळवले. वाचवलेल्यांपैकी काहींनी ‘तिकडे नेलेत तर समुद्रात उड्या टाकू’ असे बजावल्यावर ते पुन्हा ख्रिसमस बेटाकडे फिरले. हे बेट जावापासून जेमतेम साडेतीनशे किलोमीटर आणि ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीपासून सुमारे दीड हजार. भूगोलाने ते इंडोनेशियाचे आणि नकाशाने ऑस्ट्रेलियाचे. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी प्रवेश नाकारला आणि इंडोनेशियाने त्यांना परत घ्यावे असा आग्रह धरला. राष्ट्राध्यक्षपदी येऊन महिना-सव्वा महिना झालेल्या मेगावती सुकार्णोपुत्री यांनी हॉवर्ड यांचा दूरध्वनीही घेतला नाही, असे तेव्हा सर्वत्र छापून आले. पूर्व तिमोरच्या प्रश्नावरून दोन वर्षांपूर्वीच या दोन देशांचे संबंध ताणले होते. मेगावतींनी तरी काय म्हणून घ्यावे? जहाज नॉर्वेचे, माणसे अफगाण, पाणी आंतरराष्ट्रीय.

अखेर त्या लोकांना नाउरू आणि न्यूझीलंडला पाठवले गेले. मेलबर्नमध्ये न्यायमूर्ती नॉर्थ यांनी त्यांची अडवणूक बेकायदा ठरवली ती तारीख होती ११ सप्टेंबर २००१. त्याच रात्री न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि त्यानंतर हा निकाल कोणाच्या लक्षात राहणे शक्यच नव्हते. आठवड्याभरात वरच्या पीठाने तो दोन विरुद्ध एक अशा मतांनी फिरवला.

त्या ऑक्टोबरातले ‘मुलांना समुद्रात फेकले’ हे प्रकरण बहुतेकांना ठाऊक असेल. निवडणुकीच्या तोंडावर मंत्र्यांनी केलेला तो आरोप सिनेटच्या चौकशीत खोटा ठरला. मी त्यावर रेंगाळत नाही. त्याच महिन्यात, १९ तारखेला, सुमात्राहून निघालेली एकोणीस-वीस मीटरची एक बोट बुडाली. तिच्यावर चारशेहून अधिक माणसे कोंबली होती. ३५३ बुडाली, त्यांत १४६ मुले. वाचलेल्या पंचेचाळिसेक जणांना दुसऱ्या दिवशी इंडोनेशियन मच्छीमारांनी बाहेर काढले. या बोटीला स्वतःचे नावही इतिहासात मिळाले नाही. संशयित बोटींना नौदल जे क्रमांक देई, त्यांच्या धर्तीवर तिला नुसते ‘एक्स’ म्हणतात.

परतवणी समर्थकांचा सगळ्यात मजबूत मुद्दा या ३५३ प्रेतांवर उभा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. २००१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन नौदलाने चार बोटी इंडोनेशियाच्या पाण्यात परत नेऊन सोडल्या. त्यानंतर बोटी जवळपास थांबल्या. २००८मध्ये केव्हिन रड सरकारने धोरण सैल केले. बोटी पुन्हा सुरू झाल्या आणि पुढल्या पाच वर्षांत बाराशेच्या आसपास माणसे बुडाली. एकट्या २०१३ साली वीस हजारांवर लोक बोटीने आले. मग पुन्हा परतवणी सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या वाटेवरचे मृत्यू थांबले. या क्रमाला नुसते ‘निर्दय’ म्हणून उत्तर देता येत नाही. माझ्यासारख्या निर्वासितांच्या बाजूने झुकणाऱ्या वाचकालाही इथे थांबावे लागते.

पण हिशेबाची वही कुठे बंद करायची, हा खरा वाद आहे.

२००९च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाच्या ‘ओशनिक वायकिंग’ या सरकारी जहाजाने इंडोनेशियाच्या बचावक्षेत्रातून ७८ श्रीलंकन तमिळांना वाचवले. रड आणि राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांच्यात ठरले, की त्यांना बिंतान बेटावर उतरवायचे. युद्ध संपून पाच महिने झाले होते. ते लोक उतरेनात. प्रांताचे अधिकारीही कुरकुर करू लागले, की आमचा प्रांत म्हणजे दुसऱ्यांच्या माणसांचे कोठार आहे काय? चार आठवडे जहाज तिथेच उभे होते. शेवटी, ठरावीक आठवड्यांत प्रकरणे निकाली काढून वसवण्याची लेखी हमी मिळाली, तेव्हा ते उतरले. बिंतान आणि गालांग एकाच द्वीपसमूहात आहेत. गालांगवर अडीच लाख माणसे मावली होती. इथे ७८ मावेनात, कारण पुढे कोण नेणार याची हमी आधी कोणी दिली नव्हती.

२०१२मध्ये ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने परतवणी सरसकट फेटाळली नाही. अटी घातल्या, त्यांतली एक म्हणजे शेजाऱ्याची संमती, आणि सध्या या अटी पूर्ण होत नाहीत असे स्पष्ट नोंदवले. तरी २०१३ची निवडणूक टोनी ॲबट यांनी ‘बोटी थांबवा’ या घोषणेवर जिंकली. इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री मार्ती नतालेगावा यांनी सार्वभौमत्वाची आठवण करून दिली. त्यातच नोव्हेंबरात उघड झाले, की ऑस्ट्रेलियन हेरखात्याने युधोयोनो आणि त्यांच्या पत्नीचे फोन ऐकण्याचा उद्योग केला होता. जकार्ताने राजदूत माघारी बोलावला आणि मानवी तस्करीविरुद्धचे सहकार्य थांबवले. महिन्याभरात परतवणी सुरू झाली. डिसेंबर ते जानेवारीत ऑस्ट्रेलियाची जहाजे सहा वेळा इंडोनेशियाच्या हद्दीत शिरली होती. कॅनबेराने त्याबद्दल माफी मागितली, अनवधानाने घडले म्हणून. नौदलाला आपण कुठे आहोत हे सहा वेळा कळले नाही, यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. पुढे बंद, नारिंगी रंगाच्या जीवरक्षक नौका विकत घेऊन त्यांत माणसे बसवून सोडू लागले. जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर त्या वाहत येऊन लागल्या.

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले, ते बोटींवरचे खलाशी. तिमोरजवळच्या रोटे बेटावरचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या अ‍ॅशमोर खडकांवर मासेमारीला जात. त्यांच्या लेखी ते ‘पुलाऊ पासिर’, वाळूचे बेट. १९७४च्या करारात ऑस्ट्रेलियाने त्यांना परंपरागत मासेमारीची मुभा ठेवली, पण अट अशी की होडी शिडाची हवी, इंजिन चालणार नाही. परंपरा जपायची म्हणजे वादळात शिडावर मरायचे. १९८०च्या दशकात अ‍ॅशमोर अभयारण्य झाले आणि तिथली मासेमारीही गेली. दर्या ओळखणारी, पण दर्यातून पोट न भरणारी अशी तरुण पोरे दलालांना आयतीच मिळाली. दलाल स्वतः बोटीत चढत नाही. आपल्याकडच्या तांडेलाच्या जागी तिथे कधी स्वयंपाकी पोऱ्या सापडे. कायद्याने पाच वर्षांची किमान शिक्षा सक्तीची केलेली, आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून वय ठरवून कित्येक अल्पवयीन मुले प्रौढांच्या तुरुंगात टाकली गेली. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २०१२च्या अहवालात ही पद्धत अविश्वासार्ह ठरवली.

आणि २०१५च्या मे महिन्यात उलटाच प्रकार. न्यूझीलंडकडे निघालेले ६५ प्रवासी रोटेजवळच्या खडकावर येऊन आदळले. कप्तान आणि खलाशांजवळ सुमारे ३१ हजार अमेरिकी डॉलर सापडले. ते ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांनी परत फिरण्यासाठी दिले, असे त्यांनी इंडोनेशियन पोलिसांना सांगितले. ॲबट यांनी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

वहीचे दुसरे पान जकार्ताजवळच्या डोंगराळ चिसारुआत आणि मकासारच्या भाड्याच्या खोल्यांत आहे. इंडोनेशियाने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तिथे निर्वासिताला काम करण्याचा हक्क नाही. १ जुलै २०१४नंतर जकार्तात नोंदणी केलेल्यांना आम्ही घेणार नाही, असे ऑस्ट्रेलियाने जाहीर केले. बारा-तेरा हजार माणसे अशी वर्षानुवर्षे थांबली आहेत. जिनिव्हाचा सौदा या एका ओळीने संपला. मकासार, जिथून पूर्वी होड्या दक्षिणेला जात, ते आता वाट संपण्याचे गाव आहे.

इंडोनेशियाला यात निष्पाप शेजारी म्हणून उभे करावे, तर तेही जमत नाही. मे २०१५मध्येच रोहिंग्यांनी भरलेल्या बोटी अंदमानच्या समुद्रात भरकटत होत्या. थायलंड आणि मलेशियाप्रमाणे इंडोनेशियाच्या नौदलानेही अन्नपाणी, इंधन देऊन एक बोट पुढे ढकलली. मच्छीमारांना सैन्याने बजावले होते, की बोटीतल्यांना उतरवून घेऊ नका. आचेच्या मच्छीमारांनी ऐकले नाही. तिथे ‘पांग्लिमा लाओत’ ही दर्याच्या रूढीचा न्यायनिवाडा करणारी जुनी संस्था आहे आणि तिच्या नियमात संकटात सापडलेल्याला वाचवणे बंधनकारक आहे, तो कोण आहे हे न विचारता. लांग्साजवळ त्यांनी शेकडो जणांना किनाऱ्यावर आणले. त्यानंतर सरकारे नरमली आणि वर्षभराच्या आसऱ्याचे ठरले. अट तीच जुनी, गालांगची : पुढे कोणीतरी न्यायला हवे.

पुढे कोणी नेले नाही. बोटी मात्र येत राहिल्या. २७ डिसेंबर २०२३ रोजी, ज्या प्रांतातली माणसे फुटीरतावादी संघर्षाच्या काळात स्वतः होड्यांतून मलेशियाला पळाली होती, त्याच प्रांताची राजधानी बांदा आचेमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा एका सभागृहाच्या तळघरात शिरला. तिथे १३७ रोहिंग्या होते, बहुतेक बायका आणि मुले. त्यांना बाहेर काढून ट्रकांत बसवले आणि सरकारी कचेरीच्या आवारात नेऊन सोडले. घोषणा होती, यांना परत पाठवा.