मस्टरावरची माणसे

दुष्काळी कामावर एक कागद असतो. शहाणे लोक त्याला हजेरीपट म्हणतात, पण आपल्याकडे मस्टर हाच शब्द रुळला आहे, तेव्हा मीही तोच वापरतो. गरिबाच्या नावाने तिजोरीतून निघालेला पैसा या कागदावरून मजुराच्या हातात पडतो. गळायचा असेल तर पुष्कळदा इथेच गळतो. आज या कागदाचीच थोडी हकीकत सांगायची आहे.

१८७६-७७ साली दख्खनेत पाऊस बुडाला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत सरकारने रस्त्यांची आणि तळ्यांची कामे काढली. १८७७ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला धाडले. हेच टेंपलसाहेब १८७३-७४ साली बिहार-बंगालच्या दुष्काळात होते. तिथे त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, माणसे जगवली आणि वरून उधळपट्टीचा ठपका घेतला. या खेपेला मग त्यांनी हात आखडला. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे आपल्या जुन्या मापाने अर्धा शेरसुद्धा भरत नाही हो! शिवाय काम घरापासून लांब, राहायचे तळावर. विचार असा, की खरा उपाशी असेल तोच एवढ्या हालात येईल, लबाड येणार नाही.

म्हणजे सरकारला धास्ती होती ती उपाशी माणसाच्या लबाडीची. त्या वर्षी मुंबई इलाख्यात पुष्कळ ठिकाणी लोकांनी या मजुरीवर कामाला जाणेच सोडले. हे वर्तमान सरकारपर्यंत नेले कोणी? पुण्याच्या सार्वजनिक सभेने. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि महादेव गोविंद रानडे यांच्यासारखी माणसे तिच्या कामात होती. सभेने गावोगावहून खबरी मागवल्या आणि सरकारला पत्रांवर पत्रे लिहिली. तळावर काय चालले आहे हे तळाबाहेरच्या माणसांनी पाहून लिहिण्याचा आपल्याकडचा हा एक जुना आणि मोठा दाखला आहे.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळाचे कायदे-नियम तयार झाले. कामे कधी काढायची, मजुरी किती, हजेरी कशी ठेवायची, सगळे लिहून ठेवले गेले. ते सारे सांगत बसत नाही. आपण थेट १९७२ ला येऊ.

ते साल जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. सुकडीची चव अजून जिभेवर आहे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांनी मांडलेली आणि १९६५ साली तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पोचली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम! शहरातल्या नोकरदाराकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, ही त्यामागची सोय. असा कायदा करणारे आपले राज्य देशात पहिले. या गोष्टीचा अभिमान मला वाटतो, आणि पुढचे बोलायचे तेही त्या अभिमानानेच.

कायदा करणारे भोळे नव्हते. काम मंजूर करायचे कलेक्टर आणि तहसीलदाराने. ते करवून घ्यायचे बांधकाम किंवा पाटबंधारे खात्याने. एक खाते दुसऱ्यावर नजर ठेवील अशी रचना होती. दक्षता पथके होती, विधिमंडळाची समिती होती. तरी लोकांनी म्हण पाडलीच: रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही.

हे कसे होई? मस्टरावर नाव चढे ते कामावर न आलेल्याचे. गाव सोडून गेलेल्याचे. कधी मेलेल्याचेही. एकच माणूस एकाच दिवशी दोन कामांवर खपताना दिसे. मोजमापाच्या पुस्तकात मुरमाचा कठीण खडक होई. अंगठा उठे एका रकमेवर, हातात पडे दुसरी.

पुष्कळांना वाटते, सरकारचा पैसा गेला, त्यात आपले काय गेले? हिशेब करून पाहू. शिक्षकांनी हे गणित वर्गात घालायला हरकत नाही. समजा, २० जणांच्या टोळीने १०० रुपयांची माती उचलली. वाट्याला ५ रुपये आले. आता त्याच मस्टरावर ५ खोटी नावे चढवली. माती तेवढीच, पैसा तेवढाच, नावे मात्र २५. प्रत्येकाला ४ रुपये. दुपारच्या उन्हात खडी फोडणाऱ्या बाईचा पाचवा रुपया त्या न आलेल्या माणसाने नेला. माप फुगवले तर हा तोटा झाकतो खरा, पण मग बांध कागदावर जेवढा उंच असतो तेवढा शिवारात नसतो. पहिल्याच मोठ्या पावसात तो कोणाच्या रानातून फुटतो, ते तुम्ही मला सांगावे.

मग एवढ्या पहाऱ्यात हे दिसत कसे नव्हते? माझ्या मते कारण साधे आहे. तपासणारा आणि लिहिणारा दोघेही टेबलाच्या एकाच बाजूला बसत. ज्याला खरे माहीत, त्या मजुराला कागद दाखवायचा असतो हेच कोणाच्या ध्यानात नव्हते. अमका कामावर होता की नव्हता, हे साऱ्या गावाला ठाऊक. तमक्याला जाऊन किती वर्षे झाली, हे शेंबडे पोरही सांगेल. पण मस्टर कचेरीतल्या कपाटात.

ते कपाट उघडले राजस्थानात. राजसमंद जिल्ह्यात १९९० साली मजूर किसान शक्ती संघटन उभे राहिले. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी त्यांनी जनसुनावणी भरवली. केले काय? मस्टरातली नावे मोठ्याने वाचली, बस्स. लोक उठून सांगू लागले: हा कधी आलाच नाही, हा तर वारला, माझे नाव आहे पण पैसे मिळाले नाहीत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनीच तो कागद तपासला. पण पुढच्या गावांतून नकला मागितल्या तर मिळेनात. तेव्हा १९९६ साली ब्यावर शहरात ४० दिवस धरणे धरावे लागले. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून जोर धरत गेली. राजस्थानात २००० साली कायदा झाला, आपल्याकडे २००२ साली आला, सगळ्या देशासाठी २००५ साली. त्याच २००५ साली केंद्राने जो रोजगार हमीचा कायदा केला, त्यात ग्रामसभेने कामांची सामाजिक तपासणी करावी असे कलमच घातले गेले.

त्यानंतर मजुरी बँकेतून आली, आणि अलीकडे हजेरीही मोबाइलवर, कामाच्या जागेच्या फोटोसकट लागू लागली. आता चोरी अडली असे पुष्कळांना वाटले. पण २०२५ च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहावे लागले, की भलतेच फोटो चढवले जात आहेत, कुठे कुठे तर फोटोचाच फोटो काढून पाठवला जात आहे. आणि हे फोटो ताडून कोणी पाहायचे म्हणाल, तर ते काम पुन्हा ग्रामपंचायतीपासूनच सुरू करायला सांगितले.