तंजावरच्या वारसाची किंमत

मृत्युपत्र करायला कायद्यापुरता खर्च जवळजवळ काहीच येत नाही. मुद्रांक शुल्क नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक. वकिलाची फी काय ती वेगळी. तंजावरसारख्या मद्रासबाहेरच्या गावात तर 1927 पूर्वी हिंदू माणसाने तोंडी सांगून ठेवलेली शेवटची इच्छाही कोर्टात सिद्ध करता येत असे. महाग असतो तो ‘वैध’ हा शब्द.

जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्राला फारशी जागा नव्हती. निपुत्रिक माणूस दत्तक घेई, त्यातच पुढचं सगळं आलं. तंजावरच्या तुळजाजीराजांनी 1787 मध्ये, मरण समोर दिसत असताना, भोसले कुळातला दहाएक वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या ओटीत घातला. श्वार्ट्झचं म्हणणं पडलं, की पालक राजाचा सावत्र भाऊ अमरसिंह असावा. राजा गेल्यावर दत्तकच रद्द ठरवायची खटपट सुरू झाली. कंपनीने पंडितांना विचारलं. आक्षेप असे: मुलगा आईबापांचा एकुलता, त्याचं वय उलटलेलं, आणि राजाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. (हा शेवटचा आक्षेप मृत्युपत्राच्या भांडणांत आजही हटकून निघतो.) दत्तक अवैध ठरला, अमरसिंह गादीवर बसला.

पुढे कलकत्ता आणि बनारसच्या पंडितांकडे तोच प्रश्न गेला, आणि तोच दत्तक वैध ठरला. शास्त्र तेच होतं. मधल्या काळात अमरसिंह कंपनीला नकोसा झाला होता. 1798 मध्ये सरफोजी राजा झाला आणि 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने बिल चुकतं झालं: राज्यकारभार कंपनीकडे, राजाला वर्षाला एक लाख पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. 1803 मध्ये सरफोजीने बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांची वंशकथा मराठीत कोरून घेतली. तमिळ मुलखातल्या चोळांच्या देवळात एवढा लांबलचक मराठी लेख का, याचं कौतुक नेहमी होतं. मला तो ज्याच्या वारसाहक्कावर एकदा शंका घेतली गेली त्या माणसाने दगडावर केलेला दस्तऐवज वाटतो.

त्याचा मुलगा शिवाजी 1855 मध्ये पुत्राविना वारला. मागे अनेक राण्या आणि मुली. कंपनीने राज्य खालसा केलंच, पण वाड्यातली खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. पट्टराणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला: ही जप्ती राज्यकृती आहे, तिथे कोर्टाचा अधिकार चालत नाही. ‘अॅक्ट ऑफ स्टेट’साठीचा हा मराठी प्रतिशब्द भाषांतरकार म्हणून मला टोचतो. कृती म्हटलं की कर्ता आला, आणि कर्त्याला जाब विचारता येतो. इथे नेमकं तेच नाकारलेलं आहे.

1862 मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली, हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. मग त्या मेहेरबानीत कोणाचा किती वाटा, यावरून राण्या एकमेकींविरुद्ध मद्रासच्या हायकोर्टात उभ्या राहिल्या. त्याचा निकाल 1868 मध्ये लागला.