दांडा, मूठ आणि हात

रविवारीं सकाळीं डोंबिवलीच्या फलाटावर घटकाभर उभें राहिलें, तर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. बारा-चौदा वर्षांचीं मुलें आपल्या उंचीच्या जवळपास पोंचणाऱ्या पिशव्या पाठीवर घेऊन गाडीची वाट पाहात असतात. कोणी शिवाजी पार्काकडे, कोणी आझाद मैदानाकडे निघालेला असतो. पिशवीच्या तोंडांतून बॅटीचा दांडा डोकावत असतो आणि त्या दांड्यावर लाल, निळें किंवा पिवळें रबराचें वेष्टण चढविलेलें असतें. मुलें त्याला 'ग्रिप' म्हणतात. बॅटीच्या मोलाच्या मानानें ही वस्तु इतकी किरकोळ, कीं तिच्याविषयीं कोणी भाषण करील, असें ऐकूनच पुष्कळांना हंसूं येईल. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें या ग्रिपेविषयींच. मनुष्याचा हात आणि त्याचें साधन यांची गांठ जेथें पडते, ती जागा या वेष्टणाखालीं असते. आणि ती गांठ कोणाची पडावी व कोणाची पडूं नये, यालाहि एक इतिहास आहे.

आपल्याकडील जुन्या खेळांपासून आरंभ करूं. विटीदांडूच्या दांडूला कोणी कापड गुंडाळीत नाहीं. तालमींतील जोडी फिरविणारा मनुष्य हाताला आखाड्यांतील माती चोळतो, आणि तेवढ्यावर त्याचें भागतें. मल्लखांबाची रीत तर अगदीं उलट आहे. तेथें पकड घट्ट व्हावी म्हणून कांहीं लावण्याऐवजीं खांबालाच एरंडेल चोळतात. त्यानें कातडी सोलवटत नाहीं आणि खेळाडूला हाताच्या बळापेक्षां तोलावर भिस्त ठेवावी लागते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत बाळंभटदादा देवधर यांनीं ज्या विद्येला नवी चालना दिली, ती ही विद्या. पट्ट्याची गोष्ट मात्र निराळी. त्याची मूठ सबंध पंजा व मनगट झांकून कोपराच्या दिशेनें चढत जाणाऱ्या लोखंडी आवरणांत असते. आंत एक आडवी दांडी असते, ती मुठींत आंवळावयाची. म्हणजे आपल्या पूर्वजांपुढें दोन मार्ग होते : खेळांत हात घट्टे पडूं देऊन कणखर करावयाचा, आणि युद्धांत हाताला कवच घालावयाचें. साधनाच्या दांड्यालाच मऊ अंगरखा घालावा, ही कल्पना आपल्या मैदानांवर रुजली ती मुख्यतः इंग्रजी खेळांबरोबर.

त्या खेळांत अग्रभागीं क्रिकेट, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेंत चेंडूफळी. प्रारंभींची बॅट एकाच लांकडाची कोरलेली असे. कठीण चेंडूचा आघात पात्यावर झाला, कीं त्याच्या झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत जात. पुढें पातें व दांडा वेगवेगळे करून पाचरीच्या आकाराच्या खांचेंत ते जोडूं लागले. इंग्लंडांतील नॉटिंगहॅमशायरचा टॉमस निक्सन यानें १८५३ सालीं दांड्यासाठीं वेत वापरावयास आरंभ केला. ठाणेकरांच्या ध्यानांत हें साल सहज राहील. कारण त्याच वर्षीं १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणला पोंचली. वेत लवचीक असतो. तो आघात गिळतो. नंतर वेताच्या कांड्यांमध्यें रबराच्या पातळ पट्ट्या बसवूं लागले, म्हणजे उरलेसुरले हादरेहि वाटेंतच जिरत. दांडा फुटूं नये म्हणून त्यावर दोरा गच्च गुंडाळीत. ही दोऱ्याची गुंडाळी हेंच बॅटीच्या मुठीचें पहिलें वस्त्र. त्यावर पुढें रबराची नळी चढली, आणि आजची ग्रिप जन्मास आली.

ही नळी चढण्यापूर्वीं रबरालाच मोठा प्रवास करावा लागला. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें आणि थंडींत कडक होऊन तडकतें. १८३९ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यांना असें आढळलें, कीं गंधक मिसळून तापविल्यास त्याचे हे दोन्ही दोष जातात. रबराचें झाड मूळचें ब्राझीलचें. १८७६ सालीं हेन्री विकहॅम या इंग्रजानें तेथून सुमारें ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानांत आणल्या. त्यांचीं रोपें सिंहलद्वीप व मलाया येथें गेलीं आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्रावणकोरांतहि रबराचे मळे उभे राहिले. विलोचें लांकूड इंग्लंडचें, वेत आग्नेय आशियांतील अरण्यांचा, रबर ब्राझीलच्या बियांचें : एका साध्या बॅटींत तीन खंडें येऊन भेटलेलीं असतात.

आतां कोणी विचारील, कीं एवढ्या खटाटोपाचें कारण काय ? कारण आपल्या तळहातांतच आहे. तळहात किंचित् ओला असला तर पकड वाढते. म्हणूनच कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं लांकूडतोड्या हातावर थुंकतो. परंतु घाम त्याहून वाढला, कीं तोच पाणी वंगणाचें काम करतें आणि दांडा निसटूं लागतो. उल्हास नदी व ठाण्याची खाडी यांच्या कांठीं राहाणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको. एप्रिल-मेमध्यें येथील हवेंत इतका दमटपणा असतो, कीं हातमोज्यांतून घाम निथळतो. रबरावर खवले, रेघा किंवा बारीक उंचवटे काढलेले असतात, ते केवळ शोभेसाठीं नव्हेत. त्यांच्या सांदींत घाम उतरतो आणि बोटांस कोरडा आधार मिळतो. जाडीचाहि हिशेब असतो. बारीक दांडा मुठींत फिरूं पाहातो, म्हणून हात तो नकळत आवळीत राहातो व लौकर थकतो. दांडा फार जाड झाला तर खालच्या हाताचें मनगट मोकळेपणीं वळत नाहीं. मोठ्या पंजाचे फलंदाज दोन-दोन ग्रिपा चढवितात. लहान मुलाच्या हातीं तसलीच बॅट दिली, तर फटका चुकतो आणि दोष मात्र बिचाऱ्या मुलाला लागतो.

बॅडमिंटनमध्यें ही गोष्ट आणखी सूक्ष्म होते. या खेळाशीं महाराष्ट्राचा संबंध किती निकटचा आहे, हें आपणांस ठाऊक आहेच. पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकारी तो इतक्या हौसेनें खेळत, कीं एके काळीं त्याला 'पूना' असेंच नांव पडलें होतें. पुढें सांगलीचे नंदू नाटेकर यांनीं १९५६ सालीं क्वालालंपूर येथें सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशांत विजेतेपद मिळविणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटु होण्याचा मान संपादिला. रॅकेटची मूठ गोल नसते, अष्टकोनी असते. डोळ्यांनीं न पाहातां बोटांना त्या कडांवरून समजतें, कीं रॅकेटचें तोंड कोणीकडे आहे. त्यावर पूर्वीं चामड्याची पट्टी तिरपी गुंडाळीत. मग टॉवेलच्या कापडाची आली. आतां पातळ कृत्रिम पट्ट्या आल्या आहेत. वेष्टण फार जाड झालें, कीं कडा बुजतात आणि बोटें आंधळीं होतात. ठाणें महानगरपालिकेची सय्यद मोदी यांच्या नांवाची बॅडमिंटन प्रशिक्षण योजना आहे; तेथें नव्यानें येणाऱ्या मुलालाहि रॅकेट धरण्याचा धडा आधीं गिरवावा लागतो.

येथवर आपण वस्तूचा विचार केला. आतां हाताचा करूं. मुंबईंत पारशी तरुणांनीं १८४८ सालीं ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, तेव्हांपासून बॅट हिंदी हातांत आली, असें आपण म्हणतों. पण कोणत्या हिंदी हातांत ? पळवणकर बाळू हे चांभार समाजांत जन्मलेले डावखुरे गोलंदाज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्याच्या युरोपियन क्लबांत नोकरीस होते. खेळपट्टीची निगा राखावयाची, जाळीं उभीं करावयाचीं आणि कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या साहेबांना तासन् तास गोलंदाजी करावयाची, हें त्यांचें काम. परंतु तेथें त्यांना फलंदाजी करावयास कोणी दिली नाहीं. चेंडू टाकण्याचे कष्ट सेवकाचे, आणि बॅटीची मूठ धरण्याचा मान धन्याचा, अशी ती वांटणी होती. पुढें पुण्याच्या हिंदु संघानें त्यांना खेळविलें, तेव्हां चहाच्या वेळीं त्यांना पेला मिळे तो तंबूच्या बाहेर, आणि तोहि फेकून देण्याचा मातीचा.

या व्यवस्थेंतील विसंगति पाहाण्यासारखी आहे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा. रॅकेटच्या मुठीवर चामडें. फलंदाजाचे हातमोजेहि चामड्याचे. तें चामडें कमावणाऱ्याचा व शिवणाऱ्याचा स्पर्श मात्र विटाळाचा ! वस्तु सर्वांच्या हातांत खेळली. ती घडविणारा हात तेवढा बाहेर उभा राहिला. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला, तेव्हां या बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल हे १९२३ सालीं हिंदु संघाचे कर्णधार झाले. एका भावाच्या हातीं बॅट येत नव्हती. दुसरा भाऊ बॅटीच्या बळावर संघाचा नायक झाला. हा पालट आपोआप घडला नाहीं. त्यासाठीं गुण तर दाखवावा लागलाच, शिवाय मानहानि गिळून मैदानावर पुन्हां पुन्हां उभें राहावें लागलें, आणि लोकमतालाहि हालवावें लागलें.

क्रिकेटचा कायदा या बाबतींत समाजापेक्षां उदार म्हणावा लागेल. बॅटीची लांबी ३८ इंचांहून अधिक नसावी, दांडा एकूण लांबीच्या शेंकडा ५२ हून मोठा नसावा, दांड्यावर वेष्टण घालावें तें केवळ पकडीच्या सोयीसाठीं, इतका बारकावा त्यांत आहे. आणि त्यांतच असेंहि सांगितलें आहे, कीं बॅट धरलेला हात किंवा त्यावरील मोजा हा बॅटीचाच भाग समजावा. त्यामुळें मोज्याला लागून उडालेला चेंडू झेलला गेला, तर फलंदाज बाद होतो. हात कोणाच्या कुळांतला आहे, हें कायदा विचारीत नाहीं.

आमच्या लहानपणीं कल्याणला आम्ही मुलें धोपाटण्यानेंहि चेंडू मारीत असूं. पुढें एक जुनी बॅट मिळाली, तिच्या दांड्याचा दोरा सुटलेला होता. सायकलच्या दुकानांतून फुटकी ट्यूब आणली, तिचा वीतभर तुकडा कापला, साबणाच्या पाण्यांत बुचकळला आणि दोघांनीं मिळून ओढून ओढून तो दांड्यावर बसविला. आज लांकडी शंकूवर ग्रिप गुंडाळून ती क्षणांत दांड्यावर उतरवितात. पण त्या ट्यूबीच्या तुकड्यानें एक टाकाऊ बॅट चार वर्षें आणखी जगली आणि निदान दहा मुलांच्या हातांतून फिरली. ज्या घरीं नवी बॅट घेणें शक्य नव्हतें, त्या घरच्या मुलाला खेळांत प्रवेश मिळाला तो अशाच तुकड्यामुळें.

डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांत वाढलेले अजिंक्य रहाणे याच लोकल गाड्यांतून सरावाला जात. २०२० च्या डिसेंबरांत मेलबर्न येथें भारताचें नेतृत्व करतांना त्यांनीं ११२ धावा काढल्या आणि तो कसोटी सामना भारतानें जिंकला. कल्याणचे तुषार देशपांडे २०२४ सालीं भारताच्या संघांतून खेळले. त्याच वर्षीं ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागारांत, गल्लींत टेनिसच्या चेंडूवर तयार झालेल्या खेळाडूंची मोठी स्पर्धा भरली. गल्ली आणि क्रीडागार यांतील अंतर कमी होत आहे, याचीं हीं चिन्हें आहेत.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरांतील माळ्यावर किंवा दाराआड एखादी जुनी बॅट अगर रॅकेट पडलेली असेल, तर ती उतरवून पाहा. पातें बहुधा शाबूत असेल. मुठीचें वेष्टण तेवढें झिजून, चिकट होऊन गेलेलें असेल. तें काढून टाका, दोरा सुटला असेल तर पुन्हां गुंडाळा, आणि नवें वेष्टण चढवा. मग शेजारपाजारच्या ज्या मुलाचा हात अजून मोकळा आहे, त्याच्या हातीं ती द्या. त्या मुलाची बोटें दांड्याभोंवतीं पुरतीं मिटतात कीं नाहीं, एवढें मात्र देण्यापूर्वीं पाहून घ्या.