रंगून: बाबासाहेबांच्या पाऊलखुणा असलेले धम्मनगर

देहूरोडच्या ज्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी केली, ती रंगूनहून आलेली होती. त्याच महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ब्रह्मदेशात होते. आज त्या देशाला म्यानमार आणि त्या शहराला यांगून म्हणतात. धम्मसहलींच्या यादीत थायलंड, श्रीलंका असतात. रंगून मात्र मागे राहते. म्हणून तिथली महत्त्वाची स्थळे आम्ही येथे देत आहोत.

काबा अये पॅगोडा आणि महापासाण गुहा
आमच्या मते सुरुवात येथूनच करावी. पंतप्रधान ऊ नू यांच्या काळात १९५२ मध्ये हा ‘विश्वशांती’ स्तूप उभा राहिला. शेजारची महापासाण गुहा मानवनिर्मित असून राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेच्या धर्तीवर बांधली आहे. मे १९५४ ते मे १९५६ या काळात येथे सहावी संगीती भरली. थेरवादी देशांतील भिक्खूंनी तिपिटकाचे पाठ तपासून शुद्ध केले. संगीती संपली त्याच वर्षी नागपूरला धम्मक्रांती झाली.

श्वेडगॉन पॅगोडा
सुमारे ९९ मीटर उंचीचा हा सुवर्णस्तूप शहरात दुरूनही दिसतो. तपस्सु आणि भल्लिक या व्यापाऱ्यांनी आणलेले भगवान बुद्धांचे केशधातू येथे आहेत, अशी श्रद्धा आहे. इंग्रजांच्या काळात युरोपीय लोक पायात बूट घालूनच वर जात. स्थानिक बौद्ध तरुणांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. अखेर १९१९ मध्ये विहारात पादत्राणे चालतील की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिथल्या प्रमुख भिक्खूंना मिळाला. स्वाभिमानाचा हा लढा आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर वाचावा.

डोळे उघडे ठेवून पाहण्यासारख्या गोष्टीही येथे आहेत. स्तूपाभोवती जन्मवारानुसार ग्रहांची स्थाने आहेत. भाविक तिथे पाणी वाहतात. दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात मात्र ग्रह-नक्षत्रांवरून भविष्य सांगून पोट भरणे ही मिथ्या आजीविका ठरवली आहे. स्तूपाच्या वरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश नाही. बौद्ध देशातली प्रत्येक प्रथा म्हणजे धम्म नव्हे, हे आपण समजून घ्यावे.

सुले पॅगोडा
शहराच्या मध्यभागी, चौकातच हा स्तूप आहे. १९८८ आणि २००७ च्या लोकशाही आंदोलनांत लोक येथे जमले. २००७ मध्ये हजारो भिक्खू रस्त्यावर उतरले. त्यांनी भिक्षापात्रे पालथी धरून लष्करी सत्ताधाऱ्यांचे दान नाकारले. विनयातील ही जुनी शिक्षा आहे. संघ सत्तेला जाब विचारू शकतो, हे या चौकाने पाहिले.

इतर स्थळे
• बोटाटाऊंग पॅगोडा: १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला, नंतर पुन्हा बांधला. आतून पोकळ असल्याने स्तूपाच्या आत फिरता येते.
• चौखटाजी: सुमारे ६६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती. तळपायांवर १०८ चिन्हे आहेत.
• आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र: सयाजी ऊ बा खिन यांनी १९५२ मध्ये स्थापन केले. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये विपश्यना भारतात आणली. इगतपुरीचे नाते येथे जुळते.
• बहादूरशहा जफर यांची कबर: १८५७ च्या उठावानंतर हद्दपार झालेल्या या शेवटच्या मुघल बादशहाचे १८६२ मध्ये येथेच निधन झाले.

जाण्यापूर्वी
विहारात बूट आणि मोजे दोन्ही काढावे लागतात. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावापासून देश अशांत आहे. भारत सरकारच्या प्रवाससूचना पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये.

आम्हाला एवढेच सुचवायचे आहे: रंगूनला गेलात तर सोनेरी स्तूपासमोर फोटो जरूर काढा, पण महापासाण गुहेत थोडा वेळ शांत बसा. तोवर देहूरोडच्या मूर्तीला वंदन करताना तिचा हा प्रवास सोबतच्या मुलांना सांगा.

जय भीम, नमो बुद्धाय!