रेवदंडा-कोर्लई : चर्चवास्तू

कुंडलिका नदीच्या मुखाशी समोरासमोर वसलेल्या दोन गावांतील पोर्तुगीजकालीन ख्रिस्ती वास्तू. उत्तर तीरावर अलिबाग तालुक्यातील रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचे खालचे चौल. दक्षिणेस मुरूड तालुक्यातील कोर्लई. या गावांच्या नोंदी एरवी वेगवेगळ्या केल्या जातात. मात्र रेवदंड्यास भिंती राहिल्या व भक्तगण गेले, कोर्लईस भक्तगण राहिले; त्यामुळे येथील धर्मग्रामाचा इतिहास दोन्ही तीर एकत्र पाहिल्याशिवाय लागत नाही. निजामशाहीच्या परवानगीने १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्यास किल्ल्याचे काम सुरू केले. पुढे फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन या चारही पंथांचे मठ येथे उभे राहिले. १५७०-७१ च्या वेढ्यात फ्रान्सिस्कन मठाचेच लढाऊ ठाणे झाले. या पंथाच्या सेंट बार्बरा चर्चचा मनोरा आज नारळी-पोफळीच्या वाड्यांतून वर डोकावतो. गावकरी त्याला ‘सातखणी बुरूज’ म्हणतात. घंटेच्या मनोऱ्याला बुरूज म्हणणे ही चूक मानली जाते. पण जेथे मठालाच तटाचे काम करावे लागले, तेथे लोकांनी दिलेले हे नाव अगदीच चुकीचे म्हणता येत नाही.

वसईपाठोपाठ १७४० मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज निघून गेले आणि रेवदंड्याची चर्च ओस पडली. कोर्लईत मात्र स्थानिक ख्रिस्ती कुटुंबे टिकून राहिली. डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी असलेले माउंट कार्मेल मातेचे चर्च हे त्यांचे उपासनास्थान. हे चर्च साधे, वेळोवेळी डागडुजी झालेले असून कलेच्या दृष्टीने भग्नावशेषांपुढे गौण आहे, असा आक्षेप घेता येईल. कोरीव कामाची तुलना केली तर तो रास्तही आहे. पण वापरातले चर्च पिढीगणिक बदलणारच. डागडुजी हाच त्याच्या वास्तूचा इतिहास. रेवदंड्याच्या भिंती ‘मूळच्या’ वाटतात, कारण १७४० नंतर त्यांना हात लावण्याची गरज कुणाला उरली नाही. सलगतेचा पुरावा केवळ दगडांत शोधण्याचेही कारण नाही. कोर्लईतील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून बोलली जाते. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन अडीच शतकांहून अधिक काळ लोटला तरी ही बोली टिकली, ती समाज एकत्र राहिला म्हणून. आणि त्या एकत्र राहण्याचे केंद्र हे चर्च होते. खाडीपलीकडे सातखणीच्या नावात संत बार्बराची खूणही उरलेली नाही.